विहीणबाईंची फळं

वनस्पतीला एकच खरं नाव असतं. जगाच्या पाठीवर कुठेही जा, ते तेच राहतं. काळाने पुसलं जात नाही आणि कुणाच्या लाडाने बदलत नाही. माझे सासरे हे वाक्य महाविद्यालयात चौतीस वर्षं शिकवत होते. त्या चौतीस वर्षांत आणि निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांत मिळून त्यांच्या मागच्या बागेतल्या अकरा झाडांची खरी नावं बदलली. दर वेळी ते जुनी पाटी उपटत, नवी रोवत आणि इतकी वर्षं खोट्या नावावर जगल्याबद्दल झाडाकडे जरा रागाने बघत.

पाटी म्हणजे वीतभर लांब, बोटभर रुंद लाकडी पट्टी. तिच्यावर ते कॉपिंग पेन्सिलने लॅटिन नाव लिहीत. शाई पावसात ओघळते, मार्कर उन्हात उडतो, कॉपिंग पेन्सिलचं अक्षर मात्र भिजलं की उलट पक्कं होतं, असं त्यांचं म्हणणं. ह्या पेन्सिली आता बाजारात मिळत नाहीत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी कार्यालयातून दोन डबे उचलून आणले होते. महाविद्यालयाने त्यांना शाल दिली, ती कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही. पेन्सिलींचे डबे कपाटात कुलपात असतात.

सासूबाईंची पद्धत वेगळी. ज्याने झाड दिलं, त्याचं नाव झाडाला. त्यामुळे त्या घरात सकाळी सकाळी पुढील वाक्यं ऐकू येतात : ‘पोस्टमनला आज पाणी नको, कालच भरपूर झालंय.’ ‘नर्सबाई फार पसरल्यात, जरा छाटायला हव्यात.’ कोपऱ्यातलं पुरुषभर उंचीचं, लालसर देठांचं आणि काळ्या-जांभळ्या फळांचे घोस लोंबणारं झाड माझ्या आईने दिलेलं. म्हणून ते विहीणबाई. ‘विहीणबाईंना कीड लागलीय’ हे वाक्य सासूबाई माझ्यासमोर जरा सावकाश उच्चारतात, असा माझा संशय आहे. सिद्ध करता आलेला नाही.

त्या दिवशी बायको परीक्षेच्या कामावर गेली होती. तीनपर्यंत तिचा फोन बंद राहणार होता. आमची तीन वर्षांची मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणतात, तिच्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी माझी. तिच्यामुळे आता घरात सगळेच सासऱ्यांना आजोबा आणि सासूबाईंना आजी म्हणतात, मीही म्हणतो. आजोबा मागच्या ओट्यावर पाट्यांचा ढीग घेऊन बसले होते. पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचं, श्वास रोखायचा, एक शब्द लिहायचा, मान तिरपी करून बघायचा. सगळ्या बागेची नावं त्यांनी नव्याने लिहायला काढली होती. भिंगरी त्यांच्या पायाशी बसली होती. मी पायरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. एकाच अग्रलेखाचा पहिला परिच्छेद मी तीनदा वाचला, एवढंच मला त्या वीस मिनिटांबद्दल खात्रीने सांगता येईल.

“अहो,” आजींचा आवाज आला. बागेच्या कोपऱ्यातून. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. “अहो, इकडे या. दोघंही.”

भिंगरी विहीणबाईंच्या खाली उभी होती. ओठ जांभळे, हनुवटी जांभळी, उजव्या हाताची तीन बोटं जांभळी. फ्रॉकवर पुढे एक लांब ओघळ. ती आमच्याकडे बघून हसली, तर दातही जांभळे.

माझ्या हातातलं वर्तमानपत्र कुठे गेलं, ते मला संध्याकाळी कळलं. ते मी पाण्याच्या पिंपात टाकलं होतं.

“भिंगरी, हे खाल्लंस का गं?” आजींनी घोसाकडे बोट दाखवलं.

भिंगरीने मान डोलावली.

“किती खाल्लीस? एक? दोन?”

मान डोलावली.

“खूप?”

पुन्हा डोलावली.

“दगड खाल्लास का?” मी विचारलं.

तेव्हाही तितक्याच आनंदाने डोलावली. पुरावा म्हणून तिची मान निरुपयोगी होती. पण चेहरा समोर होता.

“विषारी आहे का हे?” मी आजोबांना विचारलं.

“कच्चं फळ, बी आणि मूळ,” आजोबा म्हणाले. वर्गात बोलतात तसंच बोलले, पण हात कुंपणाच्या खांबावर गेला. “विशेषतः लहान मुलांना.”

“आणि ते तुम्ही बागेत ठेवलंत?”

“ठेवलं मी,” आजी म्हणाल्या. “विहीणबाईंनी प्रेमानं दिलेलं. काढून टाकलं असतं तर तुम्हीच पहिले विचारलं असतंत, जावईबापू, कुठे गेलं म्हणून.”

ह्यात तथ्य होतं. पण तथ्य तपासायला वेळ नव्हता.

ओट्यावरच्या फोनच्या शेजारी आजींनी विषबाधा मदत केंद्राचा नंबर चिकटवून ठेवला होता. त्याच्या खाली दूधवाला, वर इस्त्रीवाला. मी फोन लावला, आवाज मोठा केला. पलीकडे एक बाई होत्या. आवाज दमलेला पण ताठ.

“मुलाचं वय?”

“मुलगी. तीन वर्षं.”

“शुद्धीत आहे? उलटी? झोपाळलेली?”

“नाही. हसतेय.”

“काय खाल्लं?”

“विहीणबाई,” आजी म्हणाल्या.

“कोण?” बाईंनी विचारलं.

“झाडाचं नाव आहे ते,” मी घाईने म्हटलं. “म्हणजे आमच्याकडचं. जांभळी फळं आहेत. मण्यांएवढी. घोसात.”

“तशी शंभर झाडं असतात. घरगुती नावावरून मला काही सांगता येणार नाही. शास्त्रीय नाव माहीत आहे कुणाला?”

मी फोन आजोबांपुढे धरला. त्रेचाळीस वर्षं हा माणूस ह्या प्रश्नाची वाट बघत होता. फक्त अशा सकाळी नव्हे. त्यांनी घसा साफ केला.

“फायटोलॅका अमेरिकाना.”

सळसळ सळसळ. पानं उलटल्याचा आवाज. केंद्राच्या बाईंकडे संगणक नव्हता, किंवा होता पण त्या त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हत्या.

“नाही. अमेरिकाना नाही माझ्याकडे.”

“असणारच.”

“फायटोलॅका एकच आहे. डिकँड्रा. तेच का?”

आजोबांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती.

“तेच आहे,” ते म्हणाले. “पण ते नाव नाही.”

“म्हणजे वेगळं झाड?”

“झाड तेच. नाव चूक. दहा पुंकेसर असतात म्हणून नंतर ते नाव दिलं गेलं. पण आधीचं नाव शाबूत असताना नंतरचं चालत नाही. तुमचं पुस्तक जुनं आहे.”

“आजोबा, मला एवढंच सांगा, मी डिकँड्राचं पान वाचू की नको?” बाई म्हणाल्या.

“ते पान डिकँड्राचं नाहीच मुळी. ते अमेरिकानाचं…”

“अहो!” आजी ओरडल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्या बहुधा पहिल्यांदाच ओरडल्या असाव्यात, कारण आजोबांनी मागे वळून दुसरं कुणी आहे का ते पाहिलं. “नाव चुकीचं असलं तर विष कमी होतं का?”

आजोबांचे ओठ हलले. त्रेचाळीस वर्षं एका बाजूला आणि भिंगरीची हनुवटी दुसऱ्या बाजूला, असा तो क्षण होता. मी सांगतो, सोपा नव्हता.

“डिकँड्रा,” ते म्हणाले. “वाचा.”

बाईंनी वाचलं. तोंडात जळजळ, पोटात कळा, उलट्या, जुलाब, नाडी मंदावणं, आकडी. दोन ते चार तासांत. उलटी करवू नका. तोंड पुसा, ताबडतोब रुग्णालयात न्या, झाडाची फांदी बरोबर घ्या.

आजोबा कात्री आणायला आत गेले. मी भिंगरीला उचललं. तिचं पोट माझ्या खांद्यावर टेकलं होतं आणि ते गरम आहे की मीच गार पडलोय, ते मला कळेना. आजोबा कात्री घेऊन आले आणि विहीणबाईंभोवती फिरू लागले.

“काय बघताय?”

“नमुना पूर्ण हवा. पान, फूल, फळ, तिन्ही एकाच फांदीवर…”

आजींनी हात घालून एक हातभर फांदी मोडली. चिरफळ्या उडवत, सालीसकट. आजोबांनी डोळे मिटले. मग त्यांनी ती फांदी मुकाट्याने हातात घेतली.

गाडी मी चालवत होतो. आजोबा शेजारी, मांडीवर फांदी. मागे आजी, त्यांच्या मांडीवर भिंगरी. आजी तिला झोपू देत नव्हत्या.

“भिंगरी, मांजर कशी करते?”

“म्याव.”

“कुत्रा?”

“भू.”

“आजोबा?”

“फाय…टो…”

“कळलं, कळलं,” आजी म्हणाल्या.

पहिल्या सिग्नलला लाल दिवा. एकशे दहापासून उलटे आकडे. मी ब्रेकवर पाय ठेवून ते आकडे बघत होतो. चौऱ्याण्णवला फोन थरथरला. बायकोचा निरोप होता; परीक्षेच्या मध्ये दहा मिनिटांची सुट्टी मिळाली असावी. ‘भिंगरी काय करतेय?’

मी लिहिलं : ‘मजेत.’ ह्या एका शब्दाबद्दल मला पुढे जे ऐकावं लागलं, ते इथे देत नाही.

“विहीणबाईंना फोन लावा,” आजी मागून म्हणाल्या. “त्यांनी कुठून आणलं ते विचारा. त्यांच्याकडे कुणी खाल्लंय का, ते विचारा.”

लावला. माझ्या आईने पहिल्या घंटेलाच उचलला.

“आई, तू ते जांभळ्या फळांचं झाड दिलं होतंस ना…”

“मेलं का?”

“नाही. झाड चांगलं आहे.”

माझी आई हुशार बाई आहे. ‘झाड’ ह्या शब्दावर माझा आवाज जरा जास्त टेकला असावा. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “मग कोण?”

“भिंगरीने बहुतेक फळं खाल्लीत. तिकडे कधी कुणी खाल्ली होती का?”

“बुलबुल खातात. आम्ही त्याला बुलबुलाचं झाडच म्हणतो. माणसं कशाला खातील?” मग एकदम, “मी येते. कुठलं रुग्णालय?”

“विहीणबाई,” आजी मागून म्हणाल्या, “तुम्ही येऊ नका इतक्या लांब. आम्ही आहोत.”

“मी दिलंय ते झाड,” माझी आई म्हणाली, रुग्णालयाचं नाव माझ्याकडून काढून घेतलं आणि फोन ठेवला. लग्नापासून ह्या दोन बायका एकमेकींशी एवढं मोकळेपणी कधी बोलल्या नव्हत्या.

अडतीस. सदतीस. आजोबा मांडीवरच्या फांदीकडे बघत होते.

“मला फूल बघायला मिळालं नव्हतं,” ते हळूच म्हणाले. “फुलं आली तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी होती डोळ्यांवर. पुंकेसर मोजले नाहीत मी. पानावरून आणि देठावरून नाव दिलं.”

“म्हणजे ते नसेलही?”

“असेल. बहुतेक.” त्यांनी फांदीवरचं एक पान सरळ केलं. “पाटीवर ‘बहुतेक’ लिहायची पद्धत नाही.”

हिरवा दिवा लागला.

रुग्णालयात खिडकीमागच्या कारकुनाने फॉर्म पुढे केला. ‘सेवन केलेला पदार्थ’ ह्या रकान्यात आजोबांनी लॅटिन नाव लिहिलं आणि नियमाप्रमाणे त्याच्याखाली रेघ ओढली. कारकून म्हणाला, “रेघ कशाला?” आजोबा म्हणाले, “लॅटिन नावाखाली असते.” कारकुनाने तो फॉर्म उलटा करून, सुलटा करून पाहिला आणि शिक्का मारला. रेघेवरच बसला शिक्का. एरवी आजोबांनी दुसरा फॉर्म मागितला असता.

तातडीच्या विभागातली डॉक्टर पोरसवदा होती. केस वर बांधलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने भिंगरीची नाडी पाहिली, डोळ्यांत विजेरी मारली, पोट दाबलं. भिंगरी खुदखुदली.

“किती वेळ झाला?”

“पाऊण तास,” मी म्हटलं.

“तास,” आजी म्हणाल्या.

“सत्तावन्न मिनिटं,” आजोबा म्हणाले.

“काहीच नाही अजून. पण वेळ लागतो कधी कधी.” तिने मागच्या नर्सला सलाइनची तयारी करायला सांगितलं. सलाइन हा शब्द ऐकून आजी स्टुलावर बसल्या. माझा एक हात भिंगरीच्या पायावर होता. छोटासा पाय, टाचेला माती. मी ती माती अंगठ्याने पुसत राहिलो. सगळी निघाली तरी पुसत राहिलो.

डॉक्टरने कापसाचा बोळा ओला करून भिंगरीच्या जिभेवरून फिरवला. बोळा जांभळा झाला. तिने तो दिव्याखाली धरला. मग आजोबांच्या हातातली फांदी घेऊन एक फळ दुसऱ्या बोळ्यावर चिरडलं.

हा दुसरा डाग लालभडक होता. किरमिजी. बिटासारखा.

पहिला निळसर जांभळा. शाईसारखा.

“हे एकच आहे असं वाटतंय का तुम्हाला?” डॉक्टरने विचारलं.

मी दोन्ही बोळ्यांकडे बघितलं. मला काहीच वाटत नव्हतं, माझी वाटण्याची यंत्रणा सिग्नललाच बंद पडली होती. आजोबा मात्र पुढे झाले, चष्मा कपाळावर चढवला, दोन्ही बोळे नाकाजवळ नेले. त्यांचा चेहरा बदलला. मी तो चेहरा पूर्वी पाहिला होता : नावं बदलल्याचं पत्र येतं तेव्हाचा.

“हा फायटोलॅका नाही,” ते म्हणाले. “निश्चित नाही. ह्या रंगात निळा…”

“आजोबा,” डॉक्टर म्हणाली, “थांबा.”

“ह्या रंगात निळ्याचं प्रमाण…”

“आजोबा, जीभ बाहेर काढा.”

“माझी?”

“तुमची.”

चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाने, तातडीच्या विभागात, बायको, जावई, नात आणि दोन नर्स ह्यांच्यासमोर जीभ बाहेर काढली. ती निळसर जांभळी होती. टोकाला गडद, मागे फिकट. डॉक्टरने भिंगरीच्या हनुवटीला बोट लावून तिलाही जीभ काढायला सांगितली. भिंगरीने ती आनंदाने काढली. दोन जिभा शेजारी शेजारी. घराण्याचं साम्य एवढं स्पष्ट मी कधी पाहिलं नव्हतं.

“हे काय आहे?” डॉक्टरने विचारलं.

आजोबांनी जीभ आत घेतली. “कॉपिंग पेन्सिल. ओली झाली की जांभळी उतरते,” ते म्हणाले. फार हळू.

“आणि ही जीभ घेऊन सकाळपासून तास दीड तास लॅटिन बोलत होते,” आजी भिंतीला म्हणाल्या. “तिघांसमोर. आणि तिघांपैकी एकालाही…” त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या हसतायत की रडतायत हे बराच वेळ ठरेना.

मला आठवलं, त्या घरात आजोबांची जीभ नेहमीच जांभळी असते. लग्न ठरवायला गेलो होतो, तेव्हाही होती. तेव्हा मला तो काहीतरी आजार वाटला होता आणि पाहुण्याने विचारू नये म्हणून मी विचारलं नव्हतं. पुढे ती भिंतीच्या रंगासारखी झाली.

डॉक्टरने सलाइन परत पाठवलं. पेन्सिल चोखल्याने फारसं काही होत नाही, पण नक्की काय आणि किती पोटात गेलंय ते कळायला हवं, असं ती म्हणाली. आजींनी भिंगरीच्या फ्रॉकचा खिसा उलटा केला. त्यातून दोन खडे, एक बटण आणि लाकडी पाटीचा तुकडा पडला. ओला. पाटीचा अर्धा भाग चावून चावून झाडूसारखा झाला होता. उरलेल्या भागावर अक्षरं होती, पसरलेली, जांभळी.

“फळ एकही खाल्लं नाही हिने,” डॉक्टर म्हणाली. “पाटी चोखलीय. दोन तास इथे ठेवू, पाणी पाजा, मग घरी.”

दोन तास आम्ही बाकावर बसलो. माझी आई तेवढ्यात पोचली, चपला वेगवेगळ्या जोडांतल्या घालून. आजींनी तिला शेजारी जागा दिली. दोघींनी मिळून भिंगरीला पाणी पाजलं आणि झाड काढून टाकायचं की जाळी लावायची, ह्यावर बोलत राहिल्या. आजोबा दुसऱ्या टोकाला बसले होते, फांदी अजून मांडीवर. पानं मलूल पडली होती. एकदा ते मला म्हणाले, “फूल आहे बघा एक. देठाजवळ.” त्यांनी चष्मा लावला आणि मोजायला सुरुवात केली. सातपर्यंत मोजलं आणि फांदी खाली ठेवली.

“मोजा की,” मी म्हटलं.

“आता काय फरक पडतो?”

थोड्या वेळाने त्यांनी ती पुन्हा उचलली. दहा निघाले. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, मला फक्त ओठ हलताना दिसले.

तीन वाजता बायकोचा फोन आला. मी तो घेतला आणि बाहेर गेलो. परत आलो तेव्हा माझे कान तापले होते आणि डॉक्टरने सुट्टी दिली होती.

गाडीत बसताना आजोबांनी पाटीचा तुकडा खिशातून काढला आणि अंगठ्याने पुसला. पहिला शब्द शाबूत होता.

“कुठली होती?” माझ्या आईने विचारलं.

“मेंथा,” आजोबा म्हणाले. “पुदिना. आजच नवी लिहिली होती. घरी गेल्यावर दुसरी करतो.”

आजी खिडकीबाहेर बघत होत्या.

“पुदिना गेल्या उन्हाळ्यात मेला,” त्या म्हणाल्या.